शिदोरी सोडायला सावली हवी

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



पत्रास कारण, माझा उजवा पाय.

सहा वर्षांपूर्वीच्या वैशाखात पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून मी कोलकात्याला निघालो होतो. बारा चाकी गाडी, वीस टनांवर माल आणि सुमारे १८०० किलोमीटरची वाट. मालेगाव, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर ही गावं मला घरातल्या माणसांच्या नावांसारखी पाठ आहेत. माझ्या जुन्या गाडीत इंजिन केबिनच्या खालीच असतं. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो. आमच्यातले पुष्कळ जण तरीही अनवाणीच चालवतात, कारण चप्पल घातली की पेडल पायाला नीट कळत नाही. रायपूरच्या पुढे एका पंपावर पाय धुवायला उतरलो, तेव्हा उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड दिसला. कधी भाजलं ते कळलंच नव्हतं. दुखत नव्हतं, म्हणून मी फडकं गुंडाळलं आणि पुढे निघालो.

आठ-दहा दिवसांनी घरी पोचलो, तोवर फोडाची जखम झाली होती. गावच्या डॉक्टरांनी आधी बोटाला सुई टोचली. साखर ३१२. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं, माझ्या तळपायावर कापसाची वात फिरवली आणि विचारलं, "आता कुठे लागतंय?" मला सांगता येईना. त्यांनी वात खाली ठेवली आणि म्हणाले, "ब्रेकवर हाच पाय असतो ना?"

मंत्रिमहोदय, त्या प्रश्नाचं उत्तर मी एकट्याने देऊन भागणार नाही, असं मला गेली सहा वर्षं वाटत आलं आहे. म्हणून हे उघड पत्र. मी चांदवड तालुक्यातला, वय ४६, चोवीस वर्षं लाईनवर आहे. आपल्याकडे गाऱ्हाणं घालताना आधी दोन गोष्टींची पोच द्यायला हवी. नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये २०२५ साली वातानुकूलन सक्तीचं झालं. माझी गाडी जुनी, मला त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या पिढीच्या टाचा तरी भाजणार नाहीत. आणि वैमानिकांचे जसे उड्डाणाचे तास ठरलेले असतात तसे ट्रकचालकांचेही तास ठरावेत, हे आपण २०२१ साली जाहीरपणे बोलला होतात. आमच्या कामाची तुलना वैमानिकाच्या कामाशी करणारं बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. ते आम्ही विसरलेलो नाही.

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हरचं पोट सुटलेलं असतं, त्याला साखर असते, त्याचा रक्तदाब चढलेला असतो, तो तंबाखू खातो. हे सगळे पाहतात आणि म्हणतात, ढाब्यावर अरबट-चरबट खातो, बसून राहतो, दुसरं काय होणार. मीही चाळिशीपर्यंत तसंच समजत होतो. पण साखर निघाल्यावर मी माझा दिवस वहीत लिहायला लागलो. किती वाजता काय खाल्लं आणि ते का खाल्लं, दोन्ही. महिनाभराने वही वाचली, तर 'का'च्या रकान्यात भूक किंवा चव फार थोड्या ठिकाणी होती. बाकी सगळीकडे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती: तिथे गाडी उभी करता आली म्हणून.

त्या वहीतला एक दिवस सांगतो. पहाटे चारला चहा-खारी, कारण पंपाजवळ तेवढीच टपरी उघडी होती. सकाळी नाश्ता नाही, कारण शहरात नो-एन्ट्री लागण्याआधी बायपास गाठायचा होता. दुपारी तीनला जळगावच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजी, वर चार बोटं तर्री, मैद्याच्या चार तंदुरी रोट्या. पोट जड झालं, डोळे मिटायला लागले, म्हणून लागोपाठ दोन चहा. रात्री साडेअकराला पुन्हा तेच, फक्त शेवभाजीच्या जागी पनीर. मधे चहा किती झाले ते मोजले, तर बारा कटिंग. एका कटिंगला दीड चमचा साखर धरली तरी सात ग्रॅम, बाराला ८० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत असावी. माझा दोन-तीन दिवसांचा वाटा मी एका दिवसाच्या चहातच पीत होतो, आणि तो चहाही चवीसाठी नव्हता, झोप उडवण्यासाठी होता.

तंबाखूचंही तसंच. विदर्भात शिरलो की हातात खर्रा यायचा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण बंदीने झोपेची गरज भागत नाही. मध्यरात्री दोन ते पहाटे पाच या वेळात माणसाचं शरीर आपोआप झोपेकडे ओढतं. त्या वेळी समोर सरळ रस्ता आणि मागे वीस टन कांदा असला की माणूस मिळेल ते गालात धरतो. तंबाखू सोडायला मला एका वर्षाच्या वर लागलं, आणि ज्या महिन्यात मी रात्री दोननंतर गाडी बाजूला लावायचं ठरवलं, त्याच महिन्यात ती सुटली.

पाण्याची गोष्ट तर बोलायलाही संकोच वाटतो. लघवीला थांबायला जागा नाही म्हणून आमची माणसं पाणीच कमी पितात. ४४ अंशांत दिवसभर दीड लिटरवर गाडी चालवणारे मला माहीत आहेत. मग मुतखडा होतो, लघवीची जळजळ होते. पाच-पाच तास एका जागी बसल्याने पोटऱ्या आखडतात, पायावर सूज येते. पोटरीचे स्नायू हलले तरच पायातलं रक्त जोराने वर चढतं, हे मला डॉक्टरांनी समजावलं. सीटच्या हादऱ्यांनी कंबर जाते ती वेगळीच.

या सगळ्यात एक माणूस कमी झाला, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी लाईनवर आलो तो क्लिनर म्हणून. तेव्हा गाडीवर दोघं असायचे, उस्ताद म्हणजे ड्रायव्हर आणि क्लिनर. उस्ताद झोपला की क्लिनर राखण करायचा, उस्ताद चालवत असला की क्लिनर बोलत राहून त्याला जागं ठेवायचा आणि संध्याकाळी गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात-आमटी टाकायचा. पहिली दोन वर्षं मी स्टेअरिंगपेक्षा स्टोव्हच जास्त हाताळला. पुढे भाडं परवडेना, शेठ लोकांनी क्लिनर कमी केले. कागदावर एक पगार वाचला. पण त्या पगाराबरोबर गाडीवरची चूल गेली, राखण गेली आणि बोलायचं माणूसही गेलं. आता एकटा ड्रायव्हर गाडी सोडून दहा मिनिटं चालायलासुद्धा जात नाही, कारण तेवढ्यात टाकीतलं डिझेल काढून नेतात, ताडपत्री कापून माल उतरवतात. म्हणजे व्यायाम करा असं सांगणाऱ्याने आधी गाडीजवळ कोण थांबणार ते सांगायला हवं.

आमची चूक नाही असं मी म्हणत नाही. जे आमच्या हातात होतं, तेही आम्ही केलं नाही. म्हणून साखर निघाल्यानंतर मी काय केलं ते इथे सविस्तर लिहितो. आपल्या खात्यात हे पत्र वाचणाऱ्याला कळेल की ड्रायव्हर सुधारायला तयार आहे, आणि माझ्या भावांपैकी कुणी वाचलं तर त्याला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, मी पुन्हा शिदोरी बांधायला लागलो. हत्यारांच्या पेटीशेजारी एक पत्र्याची पेटी बसवून घेतली. त्यात पाच किलोचा छोटा गॅस, एक कुकर, एक तवा, बेसन, थालीपिठाची भाजणी, मूग, मटकी, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी. सोलापूरकडची कडक भाकरी महिनाभर सहज टिकते, ती एका डब्यात. घरून निघताना बायको बाजरीच्या ताज्या भाकरी देते, त्या दोन दिवस पुरतात, मग कडक भाकरीवर येतो. मटकी सकाळी भिजवायची, संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधून केबिनमध्ये सीटच्या मागे टांगायची. केबिनच्या उबेने दुसऱ्या दिवशी तिला बोटभर मोड येतात. ज्या उष्णतेने माझी टाच भाजली, तिचा हा एवढाच उपयोग मला सापडला. पिठलं करायला दहा मिनिटं पुरतात. काकडी, मुळा, टोमॅटो, कांदा रस्त्यात कुठेही मिळतो, आणि कांदा तर आमच्या गाडीतच असतो.

गॅसबद्दल बजावून सांगतो. तो केबिनमध्ये कधीही पेटवू नये. पंपाच्या आवारात पेटवू नये. पेट घेणारा माल असला तर ट्रिपभर पेटी उघडूच नये. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गाडी लावून चूल मांडणं म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आपला जीव देणं. माझी चूल मी फक्त सुरक्षित, रस्त्यापासून आत असलेल्या जागेवर मांडतो. अशी जागा १८०० किलोमीटरमध्ये मला मोजून सात ठिकाणी मिळते.

ढाबा मी सोडलेला नाही. ढाबेवाल्याने मला अडीअडचणीला उधार जेवू घातलं आहे. पण आता मी सांगून घेतो: डाळ तडक्याशिवाय, रोटी तव्यावरची आणि गव्हाची, शेवभाजी असेल तर तर्री काढून, सोबत दोन उकडलेली अंडी आणि कच्चा कांदा-काकडी. खानदेशात ताक मिळतं, ते घेतो. ओडिशातल्या एका ढाब्यावर उन्हाळ्यात पखाळ खायला शिकलो, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, दह्याबरोबर. पोटाला असा गारवा दुसऱ्या कशाने मिळत नाही, पण भात मला बेताचाच चालतो, म्हणून एक वाटी. रात्रीचं जेवण नऊच्या आत आणि अर्धपोटी. चहा तीन कप, बिनसाखरेचा. पहिला महिना जीव नको झाला, दुसऱ्या महिन्यात चहाची खरी चव कळली. खिशात गुळाचे चार खडे कायम असतात, कारण साखरेची गोळी घेणाऱ्याने जेवण चुकवलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि स्टेअरिंगवर तसं होणं म्हणजे मरणच.

दुसरी गोष्ट, उतरायचं. तीन तासांच्या आत एकदा गाडी थांबवायची आणि थांबल्याबरोबर सीटवरच मोबाइल न बघता खाली उतरायचं. टायर ठोकून बघणं हे आमचं रोजचं काम. मी ते लोखंडी टामी हातात घेऊन सावकाश, प्रत्येक चाकापाशी गुडघ्यात वाकून करतो. मग गाडीभोवती फेऱ्या. माझ्या बारा चाकीभोवती तीस फेऱ्या मारल्या की जवळपास एक किलोमीटर होतो, आणि गाडीही नजरेआड होत नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालावं असं आरोग्याचे जाणकार सांगतात. दिवसातून दोनदा, जेवणानंतर बारा-तेरा मिनिटं, असं सहा दिवस केलं की हिशेब पुरा होतो. जेवणानंतर चाललं की साखर फार उसळत नाही, हे मी माझ्याच बोटाला सुई टोचून पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट, मोजायचं. ताडपत्रीच्या एका दोरीला मी ९० सेंटीमीटरवर गाठ मारून ठेवली आहे. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर त्याच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. पहिल्यांदा दोरी कमरेला गुंडाळली तेव्हा गाठीच्या पुढे वीतभर पोट होतं. आज चार बोटं उरलं आहे. वजन ९६ किलोवरून ८२ वर आलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा १०.८ होता, तो ७.१ झाला. घोरण्याचीही तपासणी करून घेतली, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस दिवसा पेंगतो. वजन उतरलं तसं माझं घोरणं कमी झालं. शेजारच्या गाडीतले लोक आता तक्रार करत नाहीत.

हे मला जमलं, कारण माझ्या शेठने ऐकलं. त्यांनी माझ्या कोलकाता ट्रिपला एक दिवस वाढवून दिला. त्या एका दिवसात माझ्या सगळ्या भाकरी, सगळ्या फेऱ्या आणि सगळी झोप बसलेली आहे. तो दिवस काढून घेतला, तर मी महिन्याभरात पुन्हा ३१२ वर जाईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझी तब्येत माझ्या मनाच्या निर्धाराने सुधारली हे खरं. पण तो निर्धार उभा राहिला, तो थांबायला मिळालेल्या वेळेवर आणि जागेवर. ज्यांना ती मिळत नाही, त्यांना डाएट सांगून काय होणार? म्हणून आपल्याकडे मागणं आहे ते जेवणाचं नाही. ते थांबण्याचं आहे.

पहिलं मागणं जागेचं. महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला सुविधा केंद्र असावं, असं आपल्याच मंत्रालयाचं धोरण आहे. तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरांसाठी खाटा, आंघोळीची जागा आणि स्वतः रांधून खायची सोय सुरू झाली आहे. ज्याने कुणी 'स्वतः रांधायची जागा' हे शब्द त्या योजनेत घातले, त्याला माझा नमस्कार सांगा, त्याला आमचं आयुष्य माहीत असलं पाहिजे. माझी विनंती एवढीच की या जागा मोटारवाल्यांच्या हिशेबाने आखू नयेत. चाळीस फुटी गाडी वळेल एवढं आवार, राखण करणारा माणूस आणि कॅमेरा, रात्रभर उघडं स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, रांधायचे ओटे आणि झाडं. शिवाय अशा प्रत्येक केंद्राच्या करारात एक अट घालावी, की भाकरी किंवा गव्हाची पोळी, कमी तेलाची डाळ किंवा पिठलं, पालेभाजी आणि ताक असं एक ताट ठरलेल्या दरात दिवसरात्र मिळालंच पाहिजे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी-बाजरी ज्या ट्रकमधून देशभर जाते, त्या ट्रकच्या ड्रायव्हरला मात्र वाटेवर मैद्याचीच रोटी मिळते.

अकोला-अमरावतीचा रस्ता माझ्या नेहमीच्या वाटेवरचा. जून २०२२ मध्ये त्या मार्गावर एका पदराचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत पुरा झाला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या रस्त्यावरून जाताना मला अभिमान वाटतो. जो देश पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर टाकू शकतो, त्याला त्या रस्त्यावर दोन सावल्या उभ्या करणं अवघड नाही.

दुसरं मागणं वेळेचं. मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने १९६१ सालीच कायदा केला: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. आपल्याकडचे बहुतेक ट्रक मोजक्याच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे, त्यामुळे आमच्या पिढ्यांना तो कधी भेटलाच नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. आपल्याकडे नोंद आताही होते, फक्त ती कुणी वाचत नाही. फास्टॅगमुळे कोणती गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली ते सरकारला कळतं. दोन नाक्यांमधल्या वेळेवरून थांबला की नाही, हे सहज दिसेल. पण कृपा करून त्यावरून ड्रायव्हरला दंड करू नका. १८०० किलोमीटर अडीच दिवसांत मागणाऱ्याला विचारा. ई-वे बिलात सरकार २०० किलोमीटरमागे एक दिवस मुदत देतं. म्हणजे सरकारी कागदाला घाई नाही, घाई माल पाठवणाऱ्याला आणि उतरवून घेणाऱ्याला आहे. उशिराबद्दल भाडं कापायची अट लिहायची असेल, तर विश्रांतीचे तास धरूनच ती लिहिता येईल, असा नियम करावा. नाशवंत माल असेल तर दुसरा ड्रायव्हर सक्तीचा करावा आणि त्याचा पगार भाड्यात धरावा.

तिसरं मागणं तपासणीचं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. मी दिलेल्या दाखल्यात डोळे, लाल-हिरवा रंग, कान, हातपाय, रातांधळेपणा, रक्तगट यांची विचारणा होती. साखर आणि रक्तदाब लिहायला जागा नव्हती. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. कागदाचा त्रास वाचला हे चांगलं. पण पाच वर्षांत साखर डोळ्यांपासून टाचेपर्यंत पोचते. म्हणून वर्षाला एकदा साखर, रक्तदाब, कंबर, घोरणं आणि पायाची जाणीव एवढं तरी तपासावं. मात्र ही तपासणी पोटावर पाय देणारी नसावी. साखर निघाली की परवाना गेला, अशी भीती बसली तर सगळे ती लपवतील, आणि लपवलेली साखर रस्त्यावर सर्वांत धोक्याची. उपचार घेणाऱ्याची नोकरी टिकेल, हा शब्द आधी द्यावा.

तपासणी कुठे करायची, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. पण ते केंद्र गावात, आणि आमची गाडी गावात शिरत नाही. आम्ही खरोखर मोकळे असतो ते एकाच वेळी: नंबर लागेपर्यंत. बाजार समितीच्या बाहेर, बंदराच्या आवारात, कारखान्याच्या फाटकाशी, शहराच्या नो-एन्ट्रीवर आमचे सहा-सहा, कधी चोवीस-चोवीस तास जातात. ते तास आम्ही पत्ते, मोबाइल आणि तंबाखूत घालवतो. तिथे एक नर्स, एक रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, महिन्याच्या गोळ्या आणि पिण्याचं पाणी ठेवा. औषधाची चिठ्ठी नाशिकची असली तरी रायपूरला गोळी मिळेल, एवढी नोंद आता डिजिटल आरोग्य खात्यात ठेवता येते. आमचा वाया जाणारा वेळ हाच आमचा दवाखाना होऊ शकतो.

हे सगळं फक्त आमच्यासाठी मागतो आहे असं नाही. आपल्या मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांची घरं आमच्या पेंगण्याने उजाड झाली असतील, ही जाणीव आम्हाला रात्री शांत झोपू देत नाही. माझ्या टाचेची बधिरता फक्त माझी नव्हती. समोरून दुचाकीवर येणाऱ्या नवरा-बायकोचा आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या लेकराचा तिच्याशी संबंध होता.

आमच्या चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. घाटातून गाडी खाली उतरताना मी त्या बाजूला हात जोडतो. त्यांनी देशभर देवळं आणि घाट बांधले हे शाळेत शिकवतात. लांबच्या वाटांवर त्यांनी विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या, ते मला जास्त मोठं वाटतं. बैलाला पाणी आणि माणसाला टेकायला जागा मिळाली, तरच माल आणि यात्रेकरू मुक्कामाला पोचतात, हे त्या काळात एका बाईने ओळखलं होतं. रस्ते तेव्हा कच्चे होते, पण वाटसरू शिदोरी सोडायला झाडाखाली बसू शकत होता. आज रस्ता आरशासारखा आहे आणि मी कडक भाकरीचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या मोकळ्या जागेची वाट बघत ऐंशी किलोमीटर चालवतो.

माझ्या टाचेची जाणीव पुरती परत आलेली नाही. आहे तेवढी टिकवायची, असं डॉक्टर सांगतात. म्हणून रोज रात्री गाडी लावल्यावर मी केबिनमधल्या दिव्याखाली जुना साईड आरसा पायाखाली धरून तळवा पाहतो. कुठे चीर नाही ना, कुठे फोड नाही ना. दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी आधी गाडी लावता आली पाहिजे.

आपण नागपूरचे. महिन्यातून दोनदा माझी गाडी नागपूरच्या वळणरस्त्याने जाते. आपल्याला सवड असेल त्या दिवशी कळवा. आपण म्हणाल तिथे गाडी उभी करतो. मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, जवसाची चटणी आणि कांदा, एवढी शिदोरी माझ्याकडे दोघांपुरती असते. ती कुठे बसून सोडायची, ती जागा मात्र आपण दाखवायची आहे.

आपला नम्र,
बारा चाकीवरचा एक चालक
ता. चांदवड, जि. नाशिक